कौसामायची शिवी

गाडीतून उतरणाऱ्या माणसाचा एक पाय जमिनीला लागलेला आणि दुसरा अजून पायरीवर असायचा, तेवढ्यात कौसामाय त्याला पहिली शिवी घालायची. तोंड बघून, कपडे बघून, चाल बघून. पोट सुटलेला शेठ दिसला की म्हणायची, "उतर की मुडद्या, का खांदा द्यायला चौघं बलावू?" नवं लग्न झालेलं जोडपं देवदर्शनाला निघालेलं असलं तर नवऱ्याकडं बोट करून, "ह्या हेल्याच्या गळ्यात कोन्या आंधळीनं माळ घातली?" त्यावर नवरी तोंडाला पदर लावून हसली की तिची पाळी. "हास, हास. घरी गेल्यावर रडायचंच है." एवढं ऐकून कुणी चिडायचं नाही. उलट हात जोडून उभे राहायचे, आणि ज्याच्या वाट्याला एकच शिवी आली तो तोंड पाडून म्हणायचा, माय, मला एवढीच?

मी हे बघतच मोठा झालो. तिच्या हॉटेलाला लागून माझ्या अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, एक भट्टी, दोन बाकडी आणि भज्यांची कढई. लहानपणी मला ती 'ए पंक्चर' म्हणायची. पुढं मी कळमनुरीच्या एका शाळेत मराठीचा शिक्षक झालो तेव्हा 'ए मास्तर' म्हणायला लागली, पण आवाज तोच. आता मोबाईलवर तिचे व्हिडिओ फिरतात आणि त्याखाली लोक लिहितात, तोंडानं फटकळ पण मनानं लोणी. कसलं डोंबलाचं लोणी. ती दुष्ट बोलायची आणि तिला त्यात मजा यायची, निदान बरीच वर्षं यायची. लंगड्याला लंगड्या म्हणायची आणि वर त्याच्यासारखं चालून दाखवायची. तिला फुकटची संत करायला मी बसलेलो नाही. पण आमच्या वस्तीनं तिचं जे केलं ते तिच्या कुठल्याही शिवीपेक्षा वाईट होतं, आणि ते कुठल्या व्हिडिओत नाही.

पुसेगाव सोडून रस्ता माळाला लागला की झाडं संपतात. वर चढत जावं तसा नुसता मुरूम, काळा दगड आणि वाळलेलं कुसळ. पावसाळ्यात सगळा जिल्हा हिरवा होतो, आमच्या टेकड्या तेवढ्या तपकिरी राहतात. दोन टेकड्यांच्या मधून रस्ता चिंचोळा होऊन पलीकडं वऱ्हाडाच्या अंगाला उतरतो, ती खापरखिंड. दगड फोडला की मडक्याच्या खापरासारखे कपचे निघतात म्हणून ते नाव. प्यायचं पाणी खालून टँकरनं यायचं. अशा ठिकाणी माणसानं काय म्हणून राहावं? तर निझामाचा नाका होता म्हणून. पलीकडं दुसऱ्याचा मुलूख, त्यामुळं इथं मालाच्या गाड्या अडवून जकात घेत. नाक्यावर शिपाई आले, शिपायांना चहा, बैलांना पाणी, असं करत करत वस्ती पडली. माझे पणजोबा त्यातलेच एक शिपाई. निझाम गेला, नाका गेला, पण शिपायांची आणि गाडीवानांची पोरं तिथंच राहिली. जायचं तरी कुठं, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारला नाही.

आता खिंडीत बघण्यासारखं काय होतं? नाक्याची दगडी कमान होती, तिच्या आत शेळ्या बांधलेल्या. नवगजी पिराची कबर होती. ती मोजावी तेव्हा वेगळी भरते, ज्याची जशी नीयत तशी, असं अब्बा सांगायचे आणि लोक खरंच दोरी काढून मोजायचे. आणि दगडोबा होता, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यानं टाकलेल्या दगडांची मोठी रास. एक दगड टाकल्याशिवाय खिंड ओलांडू नये असा जुना रिवाज. कौसामाय या सगळ्यांची टवाळी करायची. दगड टाकणाऱ्यांना म्हणायची, डोंगरात दगडांचा दुष्काळ पडला व्हता म्हून तुमी आनून टाकून राहिले. कबर मोजणाऱ्यांना म्हणायची, आधी आपल्या अकलेची लांबी मोजा. कुणी शिकलेला माणूस नाक्याचा इतिहास विचारायला लागला की तिचं उत्तर ठरलेलं: "निजाम इथं दर गाडीकडून घेत व्हता. मी दर गाडीला देते. आता तुमीच सांगा, कोन मोठं?"

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. कौसाबाई लग्न होऊन खिंडीत आली तेव्हापासूनच तिखट. नवरा किसनराव दगडखाणीवर कामाला होता. त्यांची भांडणं आमच्या घरात ऐकू यायची, आणि आमची अम्मी हातातलं काम थांबवून ती ऐकायची. एकदा असंच मोठं भांडण झालं आणि मिटलं. मिटलं त्याच्या दुसऱ्या सकाळी कौसाबाई नवऱ्याला डबा द्यायला रस्त्यापर्यंत गेली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, सांभाळून जा, लवकर या. बाया एकमेकींकडं बघून हसल्या. दुपारी खाणीची कड ढासळली आणि किसनराव तिच्याखाली गेला. त्या वेळी त्यांचा मुलगा, दिगंबर, मांडीवरचा होता.

पोटासाठी तिनं हॉटेल टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात एक टेम्पोवाला तिथं थांबला. त्याला मुलगी झाली होती, म्हणून तो खिंडीतल्या सगळ्यांना पेढे वाटत होता. कौसाबाईनं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, लक्षुमी आली तुझ्या घरी, सुखानं जा बाबा. उताराच्या वळणावर त्याचा ब्रेक लागला नाही, तो जागीच गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच वळणावर एक ट्रक उलटला, पण त्याचा ड्रायव्हर फुटलेल्या काचेतून चालत बाहेर आला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. वरच्या हॉटेलातल्या बाईनं मला मर मुडद्या म्हटलं होतं म्हणून वाचलो, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. मेला म्हटलं की आयुष्य वाढतं, हे तर आपल्याकडं म्हणतातच. लोकांनी तिन्ही गोष्टी एकाला एक जोडल्या आणि कौसाबाईची कौसामाय झाली.

शिवी घ्यायला गाड्या थांबायला लागल्या तशी खिंड सुधारली. नारळाचं दुकान आलं, पानटपरी आली, रसवंती आली. थांबलेल्या गाडीचं टायर दाबून बघायला अब्बा तयारच असायचे. ग्रामपंचायतीनं स्वागताचा बोर्ड लावला. सगळ्यांच्या चुली एका बाईच्या तोंडावर चालायला लागल्या, आणि मग एके दिवशी पिराजवळच्या लिंबाखाली बैठक बसली. तिला बोलावून सांगितलं की बाई, इथून पुढं गोड बोलायचं नाही. कुणाशीच नाही. तुझ्या तोंडून चुकून बरं निघालं आणि कुणाचं काही झालं तर एक गाडी इथं उभी राहणार नाही. अब्बाही त्या बैठकीत होते. घरी येऊन ते अम्मीला म्हणाले, तिला काय तकलीफ आहे, तोंडानं बोलायचंच तर आहे. कौसामाय बैठकीत हसली म्हणे. मला कुठं गोड बोलाया येतं, न्हाई बोलत जा, असं म्हणून बसलेल्या सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून ती भजी तळायला निघून गेली. तिला वाटलं, हे गिऱ्हाइकांबद्दल चाललंय.

ते तिच्या पोराबद्दलसुद्धा चाललं होतं. हे तिला कळलं तो दिवस मला लख्ख आठवतो. दिगंबर पळायला लागला होता. हॉटेलाच्या पायरीवरून तो तोंडावर पडला आणि कपाळ फुटलं. तिनं झडप घालून त्याला उचललं, छातीशी धरलं, आणि 'माझं सोनं गं' यातलं अर्धं तिच्या तोंडातून निघालं असेल नसेल, तेवढ्यात नारळवाल्याची बायको धावत आली आणि तिनं कौसामायचं तोंड हातानं दाबलं. खरंच दाबलं, मी तिथं उभा होतो. "कौसे, लेकराला मारती का?" असं ती म्हणाली. मग त्या रडणाऱ्या पोराला आणखी घट्ट आवळून कौसामाय त्याला शिव्या द्यायला लागली. मर मढ्या, तुझी तिरडी बांधते, तुला पुरून टाकते. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पोरगं तिच्या खांद्यावर रक्त पुसत होतं. जमलेल्या बाया म्हणाल्या, वाचलं बाई लेकरू, आणि समाधानानं आपापल्या घरी गेल्या.

दिगंबर असा वाढला. परीक्षेला निघाल्यावर दुसऱ्यांच्या आया पोरांच्या हातावर दही ठेवायच्या, याची आई दारात उभी राहून शिव्या द्यायची. आणि तो त्या मागून घ्यायचा, हे लक्षात ठेवा. ताप आला की कण्हत म्हणायचा, माय, दे ना गं एक. रात्री भीती वाटली तरी तेच. एकदा मी त्याला सहज विचारलं, दिग्या, तुझ्या मायनं तुला बाळ म्हटलं तर तुला आवडंल का? तो दचकला. "काहून?" तो म्हणाला, "म्या काय केलं?"

मला नोकरी लागली तेव्हा मी तिच्याकडं शेव घेऊन गेलो. पेढ्यांचा तिला तिटकारा होता. तिनं पुडा हातात घेतला आणि भरल्या हॉटेलात विचारलं, तुला मास्तर केलं, त्या शाळेला काय आग लागली व्हती का? सगळे हसले, मीही हसलो. गर्दी पांगल्यावर तिनं मला भट्टीजवळ बोलावलं. शाळेत पोरांना काय म्हनतोस, असं विचारलं. नावानं हाक मारतो म्हणालो, कधीकधी बाळांनो म्हणतो.

"मंग त्यायचं काही व्हतं का?"

मी नाही म्हणालो. ती थट्टेत विचारत नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत थांबली होती. मग कढईत पिठाचा गोळा सोडून म्हणाली, "मास्तरच्या तोंडात जोर न्हाई, म्हून."

आता एका बागाईतदाराचं सांगायला हवं. खिंडीपलीकडचा, पैसेवाला, गाडी चकचकीत. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. कौसामायनं बाईला वांझ म्हणून शिव्या दिल्या की कूस उजवते, असं त्याला कुणीतरी भरवलं होतं. तो बायकोला घेऊन आला, तिला पुढं ढकललं आणि म्हणाला, माय, हिला घाला, काही शिल्लक ठेवू नका. लोक गोळा झाले. मोबाईल वर झाले. ती बाई हात जोडून जमिनीकडं बघत उभी होती. आणि कौसामायनं घातल्या. काय काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नवऱ्यानं नारळ फोडला, आणि कौसामाय पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. तिला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही वगैरे काही झालं नाही. नीट जेवली.

दुसऱ्या वर्षी तोच माणूस पुन्हा आला. बरोबर दुसरी बायको, कोवळी पोर. माय, आता हिला घाला, असं म्हणून त्यानं तिलाही तसंच पुढं ढकललं. कौसामायनं विचारलं, पयली कुठं है? तो हसून म्हणाला, माहेरी धाडली. कौसामायनं झारा खाली ठेवला आणि बाकड्यावर बसली. "आज न्हाई," म्हणाली.

बस्स, खिंडीत धावपळ उडाली. तो माणूस पांढराफटक पडला, कारण शिवीशिवाय आता खिंड उतरायची कशी? निदान मला तरी एक द्या म्हणून तो गयावया करायला लागला. नारळवाला आला, पानवाला आला, अब्बा काळ्या हातांनी तसेच आले. सगळे तिला समजवायला लागले. कौसा, आमच्या लेकराबाळांचा विचार कर. आज एकाला नाही म्हटलं, उद्या नाव जाईल. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग उठली आणि त्या माणसासमोर जाऊन बोलायला लागली. तू मानूस न्हाईस, असं तिनं सुरू केलं. त्या पहिलीनं तुझ्या घरात काय काय सोसलं असंल ते बोलली. तिचा तळतळाट तुझ्या उंबऱ्यावर बसलाय म्हणाली. "तुझ्या घरात पाळना हललाच तर वाऱ्यानं हलंल," म्हणाली. तिचा आवाज चिरला होता. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. आणि लोक शिट्ट्या वाजवत होते. तो माणूस हात जोडून, डोळे मिटून, तोंडभर हसत उभा होता. जाताना सगळ्यांना प्रसाद वाटून म्हणाला, आज मायनं लई जोरात दिल्या.

मी त्या दिवशी सुट्टीला आलो होतो. मला इतका संताप आला की मी अब्बांशीही दोन दिवस बोललो नाही. संध्याकाळी ती भट्टी विझवत होती तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, "मास्तर, आज म्या खरं बोल्ले. कोन्हाला कळलं न्हाई." त्यानंतर तिला त्या कामात मजा आलेली मी पाहिली नाही. शिव्या देत राहिली, पण भजी तळता तळता, मान वर न करता. लोकांना तेही आवडलं.

मग नवा रस्ता आला. टेकडीला वळसा घालून खालून, रुंद, गुळगुळीत. वर चढायचं कारणच उरलं नाही. एका हंगामात खिंड ओस पडली. अब्बांनी दुकान वारंगा फाट्याला हलवलं, नारळवाला कळमनुरीच्या बाजारात बसायला लागला. ज्यांच्या चुली तिनं पेटत्या ठेवल्या त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही की कौसा, तू कुठं जाणार. दगडोबाची रास तर जेसीबीनं उचलून टिपरमध्ये भरली आणि नव्या रस्त्याच्या खडीत घातली. एवढ्या पिढ्यांचे नवस त्या रस्त्याखाली दाबले गेले, आणि त्यावरून जाणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. कौसामाय मात्र वरच राहिली. खाली राहायला ये म्हणून दिगंबर तिच्या मागं लागायचा, ती जायची नाही.

दिगंबरनं पिकअप घेतली होती. पुसेगावला बायकोपोरांसह राहायचा आणि वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती पोचवायचा. त्याचा रस्ता खालूनच. पण भरलेली गाडी घेऊन तो आधी तो उखडलेला घाट चढून वर यायचा, मायची शिवी घ्यायचा आणि मग पुन्हा खाली उतरून कामाला जायचा. मी एकदा तिला म्हणालो, मावशी, आता तर तोंड दाबायला कुणी उरलं नाही. आता बोल की पोराशी नीट. तर ती म्हणाली, "गाव उठून गेलं. पोराच्या डोस्क्यातलं कुठं गेलं?"

मागच्या वर्षी तिच्या पोटात पाणी झालं. दवाखान्यातून डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. घरी म्हणजे ती खिंडीतच म्हणाली. सून येऊन-जाऊन करत होती, मी रविवारचा जात होतो. एका रविवारी सकाळी सून भांडी घासायला बाहेर गेल्यावर तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. हातापायांच्या काड्या झालेल्या, डोळे तेवढे पूर्वीचे. म्हणाली, "मास्तर, मला त्याला एकदा बाळा म्हनू वाटून राहिलं. पोटातल्या पोटात लई येळा म्हनले. पन ते त्याला कसं ऐकू यावं?"

मी म्हणालो, म्हण ना मग. शब्दानं कुणी मरत नाही, मावशी. किसनराव खाण ढासळून गेले, टेम्पोवाला ब्रेक लागला नाही म्हणून गेला. हे मी तिला आयुष्यभर सांगत आलो होतो आणि ती आयुष्यभर मला शिव्या देत आली होती. या वेळी शिवी दिली नाही. "तू जामीन राहतो?" तिनं विचारलं. मी राहतो म्हणालो.

थोड्या वेळानं घाटातून पिकअपचा आवाज आला. दिगंबर दारात उभा राहिला, गाडी बाहेर चालूच. तो म्हणाला, माय, दे लवकर, मोंढ्यात नंबर लावायचा है. तिनं त्याला जवळ बसायला सांगितलं. तो घड्याळाकडं बघत बसला. तिनं हात उचलून त्याच्या गालावर ठेवला. हात नीट राहत नव्हता, घसरत होता.

"दिगू," ती म्हणाली. "बाळा. लई गुनाचं है माझं लेकरू. सुखानं जा, राजा."

मी दिगंबरचं तोंड बघत होतो. मला वाटलं होतं तो रडेल, तिला मिठी मारेल. मूर्ख मी. त्यानं तिचा हात गालावरून काढला, विंचू झटकावा तसा, आणि उठून उभा राहिला. काय बोल्लीस, म्हणाला. मग म्हणाला, मागं घे. मी मध्ये पडलो, त्याला समजावलं, मग ओरडलो, अरे लाज वाटू दे, आई मरायला टेकली आहे. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तुमचं काय जातं मास्तर, घाट मला उतरायचा है, माझे लेकरं हैत, एवढं बोलला आणि तिच्या खाटेजवळ गुडघ्यावर बसला. चाळिशीकडं आलेला, मिशा असलेला माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता.

"माय, म्या काय वाईट केलं तुझं? दवापानी केलं, कधी उलटून बोल्लो न्हाई. मंग काहून मारून राहिली मला?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिला श्वास पुरत नव्हता, मी तिच्या ओठाला पाणी लावलं. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग कोपरावर उठली, कशी उठली ते अल्ला जाणे, आणि सगळी खिंड ऐकायची त्या जुन्या आवाजात म्हणाली, "मर मुडद्या. तुझी तिरडी उठो. काळं कर हितून."

दिगंबरनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. डोळे पुसले. अजून एक दे म्हणाला, आणि तिनं दिली. तो चक्क हसला. जाताना सुनेला म्हणाला, माय बरी है आज, आवाज बघ कसा आला. गाडीचा आवाज घाटातून खाली खाली गेला आणि ती कान देऊन ऐकत राहिली. तो पार ऐकू येईनासा झाल्यावर म्हणाली, "लई भेलं रे लेकरू."

त्यानंतर ती बोलली नाही. दुपारचं ऊन दारातून आत यायच्या आधी तिचा श्वास थांबला. सून रडायला लागली, म्हणून फोन मीच लावला. दिगंबरनं लगेच उचलला. मागं हमालांचा गलका होता. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला, मास्तर, पोचलो बघा, पोती उतरून राहिलो, मायला सांगा नीट पोचलो म्हनून.

मी फोन छातीशी दाबून धरला आणि तिच्याकडं वळून सांगितलं, मावशी, दिगू नीट पोचला. आधी तिला सांगितलं, मग त्याला.